शिसवीची पूड

— नाही नाही, स्वल्प, जरा उंबऱ्याबाहेरच थांबा अण्णा, आत नका येऊ. हेमलताअक्कांनी पाठवलं ना तुम्हाला? सरी, बरं. घासायला आणलेलं दार भिंतीला टेकवा तिथंच. पण घासणार मी — हो, मीच. आमचे हे आता शेडमध्ये येत नाहीत. येताना पाहिलंत ना, चाफ्याखाली खुर्चीवर बसलेत — तेच उमाजी. बनशंकरीतल्या निम्म्या बंगल्यांची दारं त्यांच्या हातची.

काय झालं म्हणजे — नाकाचं दुखणं. एकच नाकपुडी चोंदायची, रक्त यायचं. इथली थंडी बाधते, म्हणायचे. तोंडावर रुमाल बांधायचे, तोही घाम पुसायला सुटायचा. आणि शिसवीची पूड म्हणजे पीठच हो, भाकरी थापताना उडतं तसं — ती रुमालाला कुठली जुमानते? डॉक्टरांनी गालाचं हाड काढलं, त्याबरोबर डावा डोळाही गेला. लाकडाच्या पुडीनंसुद्धा नाकात कॅन्सर होतो म्हणाले. हे म्हणाले, "मी तर कधी विडी ओढली नाही." एवढंच.

मी रडले का? नाही. दारं पडून होती, गिऱ्हाईकं खोळंबलेली. सिटी मार्केटातून रबरी मास्क आणला, दोन्हीकडे हवा गाळायच्या डब्या लावलेला. धूळ ओढणारं मशीन बसवलं. झाडू बंद, ओल्या फडक्यानं पुसायचं. कपडे इथंच बदलून घरात जाते. घासायला शिकवलं यांनीच — खिडकीबाहेर उभं राहून, बोटानं दाखवत.

वास? तो गेलाच की. मागल्या महिन्यात पाहते तर बाहेरच्या पोत्यातला भुसा मुठीत घेऊन नाकाशी धरून बसलेले. म्हटलं, "येतो का?" म्हणाले, "येतो. गुलाबासारखा." खोटं बोलत होते. मी मूठ उघडली, साबणानं हात धुतले त्यांचे, लहान पोराचे धुवावेत तसे. काही वाटलं नाही मला. खरंच सांगते, काहीच नाही — हल्ली तर मास्क चढवला की बरं वाटतं, कुणाशी बोलावं लागत नाही, ते हाका मारतात त्याही मशीनच्या आवाजात ऐकू येत नाहीत — येतात. थोड्या येतात.

तुम्हाला कशाला सांगत बसले मी. शुक्रवारी दार न्यायला या. आणि जाताना त्यांच्याशी बोलायचं असलं तर त्यांच्या उजव्या बाजूनं जा, म्हणजे दिसाल त्यांना. जा आता, मशीन सुरू करते.