विमानाची शिलाई

चहा उकळेपर्यंत हे ऐका. चार महिने खपून बनवलेलं माझं मॉडेल विमान उडवायच्या आदल्या दिवशीच त्याच्या शेपटीची हलती पट्टी धरून ठेवणाऱ्या बिजागऱ्या तुटल्या. नव्या मागवल्या तर आठवडा लागणार होता. म्हणून विमान घेऊन मी आमच्या गावात, मुर्रीतच, कपडे शिवणाऱ्या शेजारच्या काकूंकडे गेलो.

"काकू, ही पट्टी शेपटीला अशी शिवा, की वरखाली हलली पाहिजे."

"आता विमानालेही ब्लाऊज पायजे का?" असं म्हणत त्यांनी नायलॉनच्या दोऱ्यानं आडवेतिडवे टाके घातले.

सकाळी विमान झकास उडालं. उतरवताना मात्र मी घाई केली आणि ते शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आपटलं. पंख मोडला. खट्टू होऊन मी ते काकूंना दाखवलं. त्यांनी आधी शेपटीची पट्टी हलवून पाहिली.

"माही शिलाई त शाबूत हाय," त्या म्हणाल्या. "तू उडवाले शिक आता."