कॅम्पर मागे घेताना तळ्यात गेल्याबाबत

नाव वर लिहिले आहे तेच. वय छप्पन्न वर्षे. धंदा शिवणकाम. हवालदारांनी आधी "घरकाम" लिहिले होते. घरकाम मी करतेच, पण तो माझा धंदा नाही, म्हणून बदलून घेतले. राहणार बसस्थानकामागे, मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या वरचा मजला. स्कूल माझ्या पतींचे आहे.

मी स्वतः ठाण्यात बसून, कोणी पढवल्यावरून नव्हे तर माझ्या तोंडाने सांगते की, आज सकाळी साडेदहाच्या सुमारास आमची कॅम्पर, म्हणजे आत राहता येते अशी गाडी, मागे घेताना तळ्यात गेली. गाडी मी चालवत होते. मला काही लागलेले नाही. साहेबांनी सुरुवातीलाच मला नीट समजावून सांगितले आहे. गाडी चुकून गेली असेल तर गुन्हा होत नाही, पण माझे लायसन जमा होईल आणि शिकाऊ लायसन काढून, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून पुन्हा परीक्षा द्यावी लागेल. मुद्दाम घातली असेल तर तळ्याचे पाणी लोकांना प्यायला जाते म्हणून खटला होईल. लायसनचे मग कोर्ट ठरवील आणि तोवर ते माझ्याकडेच राहील. आमच्या भागात ड्रायव्हिंग स्कूल एकच आहे, ते वर लिहिले आहे.

माझे पती बाहेर बाकावर बसले आहेत. मी आत येत असताना ते हळूच म्हणाले, "तू नुसतं चुकून म्हण, पुढचं मी बघतो."

माझ्या पतींना सगळे मास्तर म्हणतात. मीही म्हणते, कारण मी गाडी त्यांच्याकडेच शिकले. पहिल्या फटक्यात परीक्षा पास झाले. नंतर आमचे लग्न झाले. लायसन मिळाले, पण शिकवणी काही सुटली नाही.

मास्तरांनी स्कूलची जुनी व्हॅन सुट्टीसाठी स्वतःच्या हातांनी कॅम्पर केली. मागे दोन बाके, शेगडी, भांडी घासायला छोटे बेसिन, खिडकीला पडदे. पडदे मी शिवले. कामाला कोणी नाव ठेवणार नाही. फक्त त्यांच्या बाजूचा शिकवणीचा ब्रेक त्यांनी काढला नाही, आणि मागची लाल "एल"ची पाटीही काढली नाही. मी म्हटले, "अहो, पाटी तरी काढा, माझं लायसन तुमच्या टकलापेक्षा जुनं आहे." ते म्हणाले, "राहू दे गं, लोक अंतर ठेवून चालतात." लोकांनी अंतर ठेवले हे खरे आहे. पेट्रोल पंपावर एका बाईंनी माझा हात हातात घेऊन, या वयात शिकायला निघालात, मोठं धाडस हो, असे कौतुकही केले. मास्तरांनी त्यांचे आभार मानले.

तळ्यांच्या भागातून निवांत हिंडायचे, कसली घाई नाही, असे आमचे ठरले होते. गाडी मी चालवायची हेही ठरलेलेच होते, कारण मास्तर स्वतः गाडी चालवत नाहीत. ते शेजारी बसतात. इतकी वर्षे शेजारी बसून त्यांना स्टिअरिंगसमोरच्या सीटची सवयच राहिलेली नाही. हे त्यांना कोणी विचारलेले आवडत नाही, तरी साहेबांनी विचारले म्हणून सांगितले.

रस्ता तळ्याच्या काठाकाठाने जात होता. तळे माझ्या अंगाला होते. मी मान वळवली की मास्तर त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबत. "नजर रस्त्यावर!" मागच्या गाड्या हॉर्न वाजवत. मग पाटी बघून गप्प होत. मुक्कामाला गाडीचे तोंड नेहमी रस्त्याकडे करून लावायची, म्हणजे निघताना सोपे जाते, असा त्यांचा नियम आहे. त्यामुळे शेगडीसमोरच्या माझ्या खिडकीतून रोज सार्वजनिक संडास दिसत. चहा झाला की मास्तर दिवसभरातल्या माझ्या चुका सांगायला बसत. गिअर उशिरा टाकला, वळणावर हात सैल सोडला, असे. त्या संपेपर्यंत बाहेर दिसण्यासारखे काही उरत नसे. सांगायचा मुद्दा असा की, आज सकाळपर्यंत मी तळे पाहिलेले नव्हते. आवाज तेवढा ऐकला होता.

आज ज्या ठिकाणी थांबलो तिथे गवताचे मैदान आहे, मैदानाच्या टोकाला होड्या उतरवायचा सिमेंटचा उतार आहे, आणि उतारापुढे तळे. मास्तर खाली उतरले आणि गाडी मागे घे म्हणाले. मागे घेण्याचा त्यांचा नियम साहेबांना माहीत असावा म्हणून सांगते. आरशात बघायचे नाही, फक्त त्यांच्या आवाजावर गाडी घ्यायची. "आरसा फसवतो, मी फसवत नाही," असे स्कूलच्या भिंतीवरही रंगवलेले आहे.

ते मागे उभे राहून "येऊ दे, येऊ दे" करू लागले. मी येऊ दिली. तेवढ्यात शेजारच्या कॅम्परवाल्या गृहस्थांनी घडीच्या खुर्चीतून विचारले, "काय हो, शिकवताय का?" मास्तरांना असे विचारणे म्हणजे भुकेल्यापुढे ताट ठेवणे. ते तिकडे वळले आणि गाडी मागे घेण्यात माणसे काय काय घोळ घालतात ते समजावू लागले. पाठ माझ्याकडे, तोंड त्या गृहस्थांकडे. पण एक हात मागे करून हलवणे चालू होते आणि मधून मधून "येऊ दे" चालू होते. हे त्यांना न बघता जमते. घरीही जमते. मी काही सांगत असले की पेपरातून डोके न काढता ते "हं, पुढे" म्हणतात.

त्या गृहस्थांनी पाणी पाहिले होते. मध्ये का बोलला नाहीत असे हवालदारांनी विचारले, तेव्हा ते म्हणाले की, मास्तर इतके ठाम होते की शिकवण्याची हीच पद्धत असेल असे वाटले.

गाडी उतारावरून गेली. मागची बाजू पाण्यात बसली, पुढची चाके उतारावर राहिली. इंजिन बंद पडले. माझ्या गुडघ्यापर्यंत पाणी आले. गाद्या, पातेले आणि माझ्या चपला मागून तरंगत पुढे आल्या.

मास्तर तेव्हा वळले. पहिल्यांदा ते ओरडले, "हँडब्रेक लाव!" मी लावला.

मग ते धावत पाण्यात आले. त्यांना पोहता येत नाही. पाण्याची त्यांना इतकी धास्ती आहे की घरी बादली भरून घेऊन अंघोळ करतात, नळाखाली बसत नाहीत. तरी बुटांसकट कंबरभर पाण्यात आले, हे जबाबात अवश्य लिहावे. त्यांनी माझ्या खिडकीला दोन्ही हातांनी घट्ट धरले. मला वाटले, आता विचारतील, लागलं का गं. मी "नाही हो" म्हणायची तयारीसुद्धा केली होती. त्यांनी विचारले, "आरशात बघत होतीस का?"

मी तेव्हा उत्तर दिले नाही. ते आता देते.

होय, बघत होते. आरशात तळे दिसत होते. लांबवर पसरलेले, मधोमध ऊन पडलेले, आणि पलीकडच्या काठाला झाडांची रांग. इतके दिवस माझ्या कुशीला होते आणि मला दिसू दिले नव्हते. बघून मला फार आनंद झाला आणि रागही फार आला, दोन्ही एकदमच. शेजारी मास्तरांची पाठ दिसत होती आणि त्यांचा हात हलत होता. मी ब्रेकवर पाय ठेवलेला होता. ते एकदा जरी वळून बघतील तर दाबायचा, असे मी ठरवले होते. गवत संपले, उतार लागला, तरी ते वळले नाहीत. मी पाय काढून घेतला.

येथे हवालदारांनी लिहिणे थांबवून मला म्हटले, "मावशी, असं लिहिलं तर खटला उभा राहील. अजून विचार करा. चुकून म्हणालात तर आज संध्याकाळी घरी जाल." बाहेरून मास्तरांचाही आवाज आला, "अहो, तिला नीट सांगता येत नाही, मी सांगतो." साहेबांनी त्यांना बसायला सांगितले.

मी विचार केला आहे. तळ्याच्या पाण्यात तेल गेले असेल त्याचे मला वाईट वाटते, त्याची जी शिक्षा होईल ती मी भोगीन. गाडी मास्तरांनी मन लावून केली होती, तिचेही वाईट वाटते. पण गाडी कशी चालवायची ते मला येते, आज सकाळीही येत होते, आणि न येणाऱ्या बाईच्या हातून हे झाले असे मी लिहून देणार नाही. कोर्टाने मला गुन्हेगार ठरवले तरी चालेल. शिकाऊ मी पुन्हा होणार नाही.

हा जबाब हवालदारांनी मला सुरुवातीपासून सावकाश वाचून दाखवला. एके ठिकाणी त्यांनी सवयीने "चुकून" लिहिले होते, ते माझ्यासमोर खोडून मी तिथे सही केली आहे. बाकी सगळे मी बोलले तसेच उतरले आहे. वाचन चालू असताना माझे पती बाकावरून उठून दारात येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे बघत जबाब शेवटपर्यंत ऐकला, आणि मध्ये ते एकदाही बोलले नाहीत.