शिंगाड्या कुणाच्या डब्यात होता?

...नाही, मग नियम करायचे कशाला, तुम्हीच सांगा ना. आम्ही चाळिशीला टेकलेली माणसं, दर रविवारी उस्मानपुऱ्यात आमच्या वर्गातल्या स्वरदाच्या हॉलमध्ये पत्ते खेळायला जमतो, रमीचे नाही हो, ते राक्षसांचे-जादूगारांचे, शाळेत असताना गुलमंडीतून बंद पाकीट आणायचो, आत कोण निघेल ते नशीब, ते पत्ते. आता नवे इतके जबर आलेत की खिसा गरम असलेला माणूस दोन चालींत समोरच्याला गार करतो. मग मजा काय राहिली? म्हणून मीच म्हणालो, मीच, की जुनंच खेळायचं. दहावीत ज्याच्या डब्यात जे पत्ते होते, त्यातूनच त्यानं डेक, म्हणजे खेळायचा गठ्ठा, बांधायचा. नवं नाही, विकत नाही, उसनं नाही. हिमांशूनं तर टाळी दिली.

हिमांशू म्हणजे माझा पहिलीपासूनचा दोस्त, आता दातांचा डॉक्टर, माझी अक्कलदाढ त्यानंच काढली, मी डोळे मिटून, तोंड उघडून बसलो होतो त्याच्यापुढं, एवढा विश्वास.

तर मी माळ्यावरून बिस्किटांचा गंजका डबा काढला, एकेक पत्ता पुसला, बायको म्हणते, "पोरीच्या वह्यांना कव्हरं घालायला वेळ नाही, अन् हे मात्र..." जाऊ द्या, तो वेगळा विषय. डेक कसला, सगळी लुंग्यासुंग्यांची फौज. कारण माझा हुकमी पत्ता नववीतच हरवला. शिंगाड्या. खरं नाव इंग्रजीत भलंमोठं, आम्ही शिंगाड्या म्हणायचो, दोन शिंगांचा ड्रॅगन, मैदानात आला की समोरचा गेलाच. एकदा तो पँटसोबत धुतला गेला, आईनं इस्त्री फिरवून वाळवला, तर एक कोपरा करपला. तरी माझा जीव होता त्याच्यावर. हरवला त्या दिवशी मी जेवलो नाही. आणि हा हिमांशू, तुम्हाला सांगतो, शाळेमागच्या गटारीत कोपरापर्यंत हात घालून शोधत होता. "सापडंल रे मुकुंदा, रडू नको." त्या हातावरून त्याच्या आईनं त्याला बदडला, तेही मी पाहिलं. असा दोस्त कुणाला मिळतो?

बरं. जुनंच खेळायचं, ठरलं होतं ना? बसलो. आणि मी जिंकत होतो, हो, त्याच फौजेवर. तेवढ्यात हिमांशूनं हळूच एक पत्ता टेबलावर ठेवला. शिंगाड्या. प्लास्टिकच्या कव्हरात, नीट जपलेला... कोपरा करपलेला.

मी म्हटलं, हे काय? तर म्हणतो, "अबे, तुझ्या दप्तरातून नुसता बघायला घेतला होता. देणारच होतो. पण तू लई रडायला लागलास, मग द्यायची लाज वाटली." मग गटारीत हात घातलास तेव्हा हा कुठं होता? "मोज्यात."

मोज्यात! माझं बालपण याच्या मोज्यात, आणि मी वरून त्याचे आभार मानत होतो.

आमच्यात पंच स्वरदाच, तिला म्हटलं, हा पत्ता बाद कर. स्वरदा बँकेत आहे, तिच्यापुढं रडून काही होत नाही. ती म्हणाली, "दहावीत कुणाच्या डब्यात होता?" आता काय सांगू... हिमांशूच्या. "मग चालतो. जुनंच खेळायचं, तूच म्हणालास ना?" हरलो. माझ्याच पत्त्यानं, माझ्याच नियमानं.

मग हिमांशूला उपरती झाली. पत्ता माझ्या हातात ठेवला, "घे बाबा, तुझा तुला." डोळे भरले होते त्याचे. माझेही भरले, खोटं कशाला बोलू. मी लगेच शिंगाड्या डेकमध्ये खुपसला आणि म्हटलं, चल, बस दुसऱ्या डावाला.

स्वरदा म्हणते, "मुकुंद, दहावीत तुझ्या डब्यात हा नव्हता."

जुनंच खेळायचं, ठरलंय ना? आता घरी नेऊन काय करू, देव्हाऱ्यात ठेवू? एवढी वर्षं बिचाऱ्याची वाट पाहिली, आला तर त्याला खेळवता येईना. शेवटी मीच काढून हिमांशूपुढं सरकवला. म्हटलं, घे, निदान खेळात तरी राहील.

त्यानं दुसऱ्याच चालीत माझ्या अंगावर सोडला.