चाळीसमास्तरांच्या पाच फेऱ्या

...नाही पण मी म्हणतो, साठाव्या वाढदिवसाला बापाला काय द्यावं? स्वेटर द्यावा! चष्म्याची नवी फ्रेम द्यावी! फारच प्रेम उतू जात असेल तर एखादी आरामखुर्ची द्यावी, बाप बसेल, पेपर वाचेल, झोपेल, विषय संपला! पण आमच्या लेकीने काय दिलं? लिफाफा. आत चकचकीत कार्ड, त्यावर लालभडक गाडीचं चित्र, आणि खाली लिहिलंय, 'शर्यतीच्या ट्रॅकवर भाड्याची स्पोर्ट्स कार चालवा! दोघांसाठी, प्रत्येकी पाच फेऱ्या!' म्हटलं, "हे काय?" तर म्हणते, "बाबा, थ्रिल!" थ्रिल? मला? अहो, माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. एकतीस वर्षं मोटार शिकवतोय मी, एकतीस वर्षं! रोज सकाळी सहा वाजता कोणीतरी नवखा माणूस माझा जीव मुठीत घेऊन रस्त्यावर उतरतो, याच्यापेक्षा जास्त थ्रिल कुठल्या ट्रॅकवर मिळणार आहे?

आणि तुम्हाला सांगतो, वेगाचं आणि माझं जमत नाही. लोक मला 'चाळीसमास्तर' म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पाठीमागे म्हणतात, पण माझा आरसा कायम नीट लावलेला असतो, मला पाठीमागचं सगळं कळतं. कारण काय, तर काटा चाळीसच्या वर गेला की मी ओरडतो. "चाळीस! चाळीस! कुठे आग लागलीये का?" बस, एवढंच. शिव्या नाही, काही नाही. माझ्या हाताखालून इतकी माणसं शिकून गेली, एकाच्याही गाडीला ओरखडा नाही... बरं, एकाच्या आहे. पण तो खांब त्याच्याच दारातला होता.

तर लेकीला म्हटलं, दोघांसाठी म्हणजे दुसरं कोण? तर ती आईकडे बघते. आणि मी छताकडे बघतो. कारण आमच्या घरात काय आहे, मोटार हा शब्द मी आणि आमची ही एका खोलीत असताना उच्चारायचा नाही. बावीस वर्षं झाली. मीच हिला शिकवायला घेतलं होतं, घरची मास्तरकी म्हणून. चार दिवस चाललं. चौथ्या दिवशी भर चौकात, सिग्नल हिरवा झालेला, गाडी पडली बंद, आणि मी म्हणालो, "क्लच! अगं क्लच! डोकं कुठे आहे तुझं? तुला नाही जमायचं हे!" हिने काय केलं? दार उघडलं, उतरली, आणि चालत घरी गेली. चावी घेऊन! म्हणजे मी चौकाच्या मधोमध, बिनचावीच्या गाडीत, मागे शंभर हॉर्न, आणि गाडीच्या टपावर हा एवढा मोठा फलक, 'खात्रीने शिकवले जाईल'!

तेव्हापासून ही बसने जाते. हॉस्पिटलात एक्स-रे काढते ना ती, 'श्वास घ्या... रोखून धरा... सोडा', दिवसभर हेच. घरीही तसंच. मी चिडलो की मान वर न करता म्हणते, "सोडा." मी सोडतो.

पण यावेळी म्हणाली, "येते मी. तुम्ही चालवा, मी बघते." 'बघते' म्हणाली हो! शब्द ऐका तो!

गेलो. शहराबाहेर माळावर तो ट्रॅक. आधी सही. चार पानी फॉर्म, काही झालं तर जबाबदारी माझी. मी चारही पानं वाचली. मागची रांग खोकायला लागली, वाचली तरी. मग डोक्यात घालायला एक पातळ कापडी टोपी, नुसते डोळे उघडे, दरोडेखोरासारखी, आणि त्यावर हेल्मेट. हेल्मेट चढलं आणि माझे गाल पुढे आले, मी आरशात बघितलं तर मलाच मी ओळखू येईना. ही म्हणाली, "छान दिसताय. तोंड बंद राहतंय त्यात."

आणि मग आली आमची शिक्षिका. ट्रॅकवरची मास्तरीण. एवढीशी पोर हो, आमच्या लेकीच्या वयाची, किडकिडीत, च्युइंगगम चघळतेय. मला विचारते, "काका, अनुभव आहे का?" मी छाती पुढे काढली. म्हटलं, "बाळ, एकतीस वर्षं मोटार शिकवतोय मी, एकतीस वर्षं!" ती म्हणाली, "अरे बापरे. मग सवयी मोडायला वेळ लागेल."

अरे बापरे? याला काय अर्थ आहे?

बरं, ती गाडी. गाडी म्हणू नका तिला, चप्पल होती चप्पल, जमिनीला चिकटलेली. दार उघडलं, पाय आत टाकला, तर बाकीचा मी बाहेर. डोकं आत घातलं, तर पाय बाहेर. शेवटी मास्तरीण म्हणाली, "काका, आधी बसा, मग आत या." म्हणजे हवेत बसायचं! बसलो. धप्पकन खाली गेलो, समोर नुसतं आकाश. क्लच शोधतोय, क्लच नाही. गिअरची दांडी शोधतोय, दांडी नाही. गिअर कुठे, तर स्टिअरिंगच्या मागे दोन कान, हा ओढला की वरचा, तो ओढला की खालचा! बटण दाबलं आणि मागून जे काही गुरगुरलं ना... मी मागे वळून बघितलं. खरंच बघितलं.

आता मला सांगा, गाडी सुरू केल्यावर माणूस काय करतो? आरसे बघतो. पट्टा तपासतो. इंडिकेटर देतो. मी दिला. मास्तरीण हेल्मेटातल्या माईकमधून म्हणते, "काका, इंडिकेटर कशाला?" म्हटलं, "वळायचंय ना पुढे!" "पण मागे कोणी नाहीये." "म्हणून काय झालं? पद्धत असते!" अकरा वळणं होती. अकराही ठिकाणी दिला. एका आंधळ्या वळणावर तर प्रत्येक फेरीला हॉर्नसुद्धा दिला. ती आपली शांत. "छान काका. आता सरळ रस्ता आहे, दाबा." मी दाबला. "काका, तो ब्रेक आहे." "मला माहितीये!"

एकतीस वर्षं हो, एकतीस वर्षं! पाय आपोआप तिकडेच जातो!

दुसऱ्या फेरीला कडेला एक माणूस निळा झेंडा हलवताना दिसला. मला वाटलं, कौतुक करतोय. मी हात केला. मास्तरीण म्हणाली, "काका, तो म्हणतोय, मागच्यांना पुढे जाऊ द्या." मागच्यांना? आरशात बघतो तर रांग! चार गाड्या, वरातीसारख्या माझ्यामागे! एकेक सूं, सूं, सूं करून गेली. शेवटच्या गाडीत एक दातांचा डॉक्टर होता, हे नंतर कळलं, त्याने जाता जाता मला हात केला. माझी ओळख नाही, पाळख नाही!

आणि तिथे माझं डोकं फिरलं. म्हटलं, कठड्याशी ही उभी असेल. बघत असेल. चौथ्या फेरीला दाबला. म्हणजे खरा दाबला, बरोबर तोच. काटा चाळीस, सत्तर, शंभर... मी काट्याकडे बघितलंच नाही, मी कशाकडेच बघत नव्हतो! मास्तरीण म्हणाली, "आता ब्रेक, काका. वळणाआधी. आधी. आधी... आता नको!" पण आता नको म्हणेपर्यंत पाय गेला होता. भर वळणात ब्रेक! मग काय, आकाश, गवत, आकाश, गवत, मास्तरीण, गवत. शेवटी वाळूत रुतून थांबलो, तोंड आल्या दिशेला. सगळं शांत. धूळ. आणि त्या शांततेत टिक-टॉक, टिक-टॉक... इंडिकेटर. चालू होता.

ट्रॅक्टरने ओढून आणलं मला. ट्रॅक्टरने!

वेटिंग हॉलमध्ये आलो तर सगळे माझ्याकडे बघतायत. दातांचा डॉक्टर, त्याच्या फेऱ्या केव्हाच संपलेल्या, उठून म्हणाला, "काका, हॉर्न फार आवडला." मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? त्याने बोट दाखवलं. भिंतीवर हा एवढा टीव्ही. गाडीच्या आत कॅमेरा असतो हो! आवाजासकट! आतलं सगळं बाहेर दिसतं, ऐकू येतं! आणि आमची ही? ही बाहेर कठड्याशी होती, टीव्हीचं तिच्या गावीही नव्हतं. मी मनात म्हटलं, वाचलो. म्हटलं, "चल, निघू या."

मास्तरीण म्हणाली, "काकूंच्या पाच फेऱ्या राहिल्यात की."

मी हसलो. म्हटलं, "नाही हो, हिच्याकडे लायसन्स कुठे—"

हिने पर्स उघडली. रुमाल काढला, बसचा पास काढला, आणि त्याखालून काढलं... लायसन्स! मी हातात घेतलं. फोटो हिचा. सही हिची. तारीख? नऊ वर्षांपूर्वीची! नऊ वर्षं! म्हटलं, "कुणी शिकवलं?" म्हणाली, "समोरच्यांनी." समोरचा! माझ्या स्कूलसमोरचा दुसरा ड्रायव्हिंग स्कूलवाला, माझा वैरी, रोज सकाळी मला 'काय मास्तर' म्हणून हात करतो, नऊ वर्षांत तोंडातून चकार शब्द नाही! खरं सांगू? लागलं मला. वाळूत गेलो तेव्हा नाही लागलं, ते तेव्हा लागलं. म्हटलं, "मग अजून बसने का जातेस?"

म्हणाली, "बसमध्ये कोणी ओरडत नाही."

आणि हेल्मेट घालून गेली.

मी बसलो टीव्हीसमोर. दुसरं काय करणार? ही गाडीत बसली, एका झटक्यात, जशी काही रोजचीच. पहिली फेरी हळू. मी इकडे ओरडतोय, "क्लच! अगं क्लच!" दातांचा डॉक्टर म्हणतो, "काका, क्लच नसतो." "मला माहितीये!" तिकडे मास्तरीण एवढंच म्हणते, "छान. पुढच्या वेळी ब्रेक थोडा उशिरा." आणि ही थोडा उशिरा करते! अहो, मी 'थोडा' म्हणालो असतो तर किती थोडा यावर आमचं दुपारपर्यंत चाललं असतं! वळण आलं की ही पुटपुटते, "श्वास घ्या..." आत शिरते, "रोखून धरा..." बाहेर पडते, "सोडा!" आणि गाडी सुटते. तिसऱ्या फेरीला ही हसली. मोठ्याने. ते हसणं मी... जाऊ द्या, बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. हॉलमधले टाळ्या वाजवायला लागले.

आणि मग सरळ रस्त्यावर मास्तरीण म्हणाली, "काकू, काकांनी शिकवलं का?"

टाळ्या थांबल्या. सगळे माझ्याकडे. मी खुर्ची घट्ट धरली. म्हटलं, आलं आता. चौक आला, चावी आली, सगळं येणार, आवाजासकट!

ही म्हणाली, "त्यांनी चारच दिवस शिकवलं. पण फार चांगले मास्तर आहेत ते. परक्या माणसाला इतकं छान समजावतात. माझ्याच बाबतीत घाबरायचे. हिला काही झालं तर, म्हणून ओरडायचे. ते मला उशिरा कळलं... आणि तोपर्यंत गाडीवरून धरलेला अबोला इतका जुना झाला होता ना, की मोडायची लाज वाटायला लागली."

तुम्हाला सांगतो, मी काय केलं? मांडीवर हेल्मेट होतं. ते घातलं. परत. वेटिंग हॉलमध्ये, खुर्चीत बसून. आणि काच खाली केली. दातांचा डॉक्टर शहाणा माणूस, त्याने खिडकीबाहेर बघितलं.

ही आली. गाल लाल. "कसं झालं?" मी म्हटलं, "सातवं वळण... चांगलं घेतलंस." "बस?" "नववंही." "बस?" मग मी म्हटलं, काच खाली होती म्हणून म्हणू शकलो, "त्या चौकात मी तसं बोलायला नको होतं." हिने हेल्मेटवर टिचकी मारली. मग म्हणाली, "एवढं म्हणायला बावीस वर्षं? लोक उगाच नाही तुम्हाला चाळीसमास्तर म्हणत!" आणि येताना आमची गाडी तिने चालवली. मी एक अक्षर बोललो नाही. विचारा तिला! हेल्मेट परत देऊन आलो होतो, तरी!

इथे संपलं असतं तर बरं होतं हो. पण ट्रॅकवाले ते चित्रण भेट म्हणून देतात, आणि आमच्या लेकीला ते जगाला दाखवायची हौस! माझं वाळूतलं वेगळं, आईचं वेगळं. दुसऱ्या दिवसापासून स्कूलचा फोन सुरू. मी उचलतो, म्हणतो, "बोला, एकतीस वर्षं मोटार शिकवतोय मी..." तर पलीकडून, "हो हो, पण काकू शिकवतात का?" मी सांगतो, त्यांची हॉस्पिटलात नोकरी आहे. तर म्हणतात, "मग आम्ही थांबतो." थांबतो! यांना कुठेच घाई नाही!

आता तीन महिन्यांनी ही निवृत्त होतेय. आत्तापासून सतरा जणांनी नावं नोंदवलीत, त्यात तो दातांचा डॉक्टर आपल्या बायकोला घेऊन येणार आहे, आणि समोरच्याने स्वतःची सून पाठवलीये! स्कूलची नवी पाटी रंगवायला टाकलीये. वर मोठ्या अक्षरात हिचं नाव. नाही नाही, माझंही आहे ना! आहे! मीच सांगितलं रंगाऱ्याला, घाल म्हणून. खाली, बारीक अक्षरात, 'चौकशीसाठी भेटा', आणि त्याच्यापुढे मी.