डोळ्याखालची गाठ

—चमत्कार? फादर, बिशपसाहेबांनी तुम्हाला आउग्सबुर्गहून एवढ्या लांब धाडलं ते मूर्ती घडवणाऱ्याच्या तोंडून हा शब्द ऐकायला? बसा, खुर्चीवर भुसा असेल, झटकून घ्या. अहो, ते अश्रू नाहीत, राळ आहे राळ! पाइनच्या लाकडात गाठ असते, गाठीत राळ असते, आणि यंदा चर्चच्या बाकांखाली हीटर बसवले, म्हणून ती पाघळली — संपला चमत्कार. मरियामातेच्या डाव्या डोळ्याखाली गाठ आहे, हे मला नाही तर कुणाला ठाऊक असणार?

शिसारी आली मला, खरं सांगतो. रविवारी गेलो, तर आमची ती बिअरच्या खानावळीतली वाल्बुर्गा रुमालानं राळ टिपतेय आणि रुमाल चाटतेय — चाटतेय हो! मागे ही एवढी रांग. एकानं तीच राळ आपल्या म्हाताऱ्या आईच्या गुडघ्याला चोळली. बेकरीवाला अश्रूंच्या आकाराचे पाव भाजतोय. चाळीस वर्षं मी ख्रिस्त कोरतोय, संत कोरतोय, पायाच्या शिरान् शिरा काढतोय — कुणी मान वर करून बघितलं नाही. आणि कारागिराची चूक पाघळली, तशी सगळी धावली मेली.

हो, चूकच. गाठ पोखरून काढायची, तिथे चांगल्या लाकडाची खुंटी ठोकायची, हे कालच्या शिकाऊलाही कळतं. मी नाही काढली. रंग चढला की कोण बघतंय, म्हटलं. लिहा, खाली सही करतो.

काय? लिंडनचं बिनगाठीचं लाकूड? दिलं होतं ना, गावानं लिंडनच दिलं होतं. चर्चपुढच्या झाडावर वीज पडली, त्याचा ओंडका वीस वर्षं वाळवला, खास ह्या मूर्तीसाठी. ते आपलं — चिरफाळलं. मूर्तीची पाठ आतून पोकळ केली नाही की चिरतं लिंडन. मी केली होती पोकळ, पण तरी — जाऊ दे, नाही चिरलं. खोटं कशाला बोलू, तेही पाद्र्याशी?

कोरली मी त्यातून मूर्ती. समोर आफ्रा बसायची, माझी बायको. खोकू नको म्हटलं तरी खोकायची, कधी ऐकलंय तिनं माझं? मातेचा चेहरा करायला गेलो, तर आफ्राचा ओठाजवळचा मस उतरला, सूप खारट झालंय म्हटल्यावर चढायची ती भुवई उतरली. आणि गुड फ्रायडेच्या आधी गेली ती. मग काय, तिला नेऊन त्या चाटणाऱ्यांपुढे उभी करू? चर्चमध्ये मूर्ती बसवायला सहा आठवडे हातात होते. पाइनचा ओंडका आणला, कसंबसं उरकलं. गावाचं लाकूड चोरलं म्हणा, खुशाल म्हणा. किळस मला माझीही येतेच — देवाच्या आईला मी गाठीचं लाकूड दिलं. पण फादर, हे तेवढं लिहू नका. लिहिलंत, तर गाव गाडी घेऊन येईल आणि तिला उचलून नेईल. मग ह्या घरात मी कुणाशी बोलू?

तिकडे कुठे? ते झोपायच्या खोलीचं दार आहे. अहो फादर — बरं, बघा, आता बघा एकदाचं. जवळून बघा, पटाशीची एकही खूण घासलेली नाही, रंगाचा थेंब नाही. असं काम मला पुन्हा जमलं नाही, आणि — हे काय करताय? उठा. उठा म्हणतो ना! गुडघे कसले टेकताय तिच्यापुढे? ती माझी बायको आहे.

निघा आता.