धोंड्याच्या वाणात बंदूक

...आणि वर मलाच विचारतात, "सर, एवढं घाबरता कशाला?" घाबरता कशाला म्हणजे? अहो, बंदूक आहे ती! मिक्सर नाही, इस्त्री नाही, बंदूक! दोन नळ्यांची, बारा बोअरची, उभी केली तर माझ्या छातीला लागते, आणि ती कुठं, तर सोलापुरात सात रस्त्याजवळ दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्या संसारात, लोखंडी कपाटात, माझ्या शर्टांच्या शेजारी! आता रोज सकाळी शाळेत जायला शर्ट काढायचा म्हणजे काय करतो सांगू? कपाटाचं दार चार बोटं उघडायचं, तोंड फिरवायचं, डोळे मिटायचे, हात आत घालायचा आणि हाताला लागेल तो शर्ट ओढून दार लावायचं. गेलं वर्षभर मी कुठलाही शर्ट कुठल्याही पँटवर घालतोय. आणि मी शाळेत शिकवतो काय, तर चित्रकला! रंगसंगती! पोरं हसतात. हसू देत. तुम्हाला सांगतो, ती कपाटात, किल्ली माझ्या करदोट्याला आणि जीव माझा टांगणीला!

आता मी भित्रा नाही असं मी म्हणतच नाही. मी भित्राच आहे, जन्मापासून आहे. आमच्या घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी, पण मला हाक मारायला आईला एकच शब्द पुरायचा, अंजुबुरुक. म्हणजे घाबरट. दिवाळीत गल्लीतली पोरं सुतळी बाँब लावायची आणि मी गव्हाच्या कोठीमागं कानात बोटं घालून बसायचो. लग्नात वरातीपुढं कोणी हौसेनं फटाक्यांची माळ लावली, तर मी घोड्यावरून उतरलो आणि चालत एकटाच मांडवात जाऊन बसलो. नवरा आधी पोहोचला, वरात मागून आली... सासरच्यांनी तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं की नाही? ओळखलं होतं हो. चांगलंच ओळखलं होतं. ते पुढं येईल.

तर ही बंदूक आमच्या सासऱ्यांची, शंकरप्पांची. मंद्रूपला शेती आहे, रानडुकरं ज्वारीत शिरायची म्हणून पीक राखायला तरुणपणी परवाना काढलेला. आयुष्यात किती डुकरं मारली विचाराल तर एकही नाही. आभाळात बार काढायचे, डुकरं पळायची, यांचं काम व्हायचं. मग धोंड्याचा महिना आला. धोंड्याचा म्हणजे अधिक महिना, तीन वर्षांतनं एकदा जावयाची चैन. पाट, रांगोळी, पुरणाचे धोंडे, तेहतीस अनारसे, वर चांदीचं काहीतरी. माझ्या साडूला तबक मिळालं, चांगलं जड तबक. मग माझं ताट आलं. वर शेला, शेल्यावर नारळ. मी म्हटलं पेला असेल. नारळ उचलला तर खाली परवान्याची झेरॉक्स!

सासरे उठून उभे राहिले आणि म्हणाले, "जावईबापू, औंदा तुमाला बंदूक दिली."

मी हसलो. अहो, थट्टा वाटली मला. तर दुसरं कोणी हसेना. त्यांनी सगळी चौकशी करून ठेवलेली... परवानेवाला म्हातारा झाला की बंदूक वारसाच्या नावावर करता येते, आणि कायद्यानं त्या वारसांत जावईसुद्धा बसतो म्हणे. मी म्हटलं, मामा, घरचा मुलगा आहे की, प्रभुला द्या, मान त्याचा. तर समोरच्या पाटावर बसलेला माझा मेहुणा प्रभु ताटावरून उठला आणि बाहेर निघून गेला. सासरे म्हणाले न्हाय, तुमालाच. आणि दाक्षायणी, म्हणजे आमची ही, तिनं माझ्याकडं असं बघितलं, की धोंड्याचं वाण परत करणारा जावई आजवर झालेला नाही आणि तो आज होणार नाही. घेतलं. नारळासकट घेतलं. काय करणार?

त्यात मला एक आशा होती बरं का. म्हटलं सरकार काही मला बंदूक देत नाही. अर्ज केला, चौकशी झाली, डॉक्टरकडं धाडलं. डॉक्टरनं रक्तदाब घेतला आणि म्हणाला, जरा जास्त आहे, पण चालतंय. चालतंय! मग शिकायला पाठवलं, कशी धरायची, कशी उघडायची, आणि शेवटी एक गोळी झाडून दाखवायची. मी झाडली. ती कुठं गेली ते आजतागायत कोणाला माहीत नाही. मला वाटलं आता नापास. तर तिथले साहेब म्हणाले, सुटली ना गोळी, झालं मग. आयुष्यात दहावीला मी काठावर पास झालो तेव्हा रडलो नव्हतो, त्या दिवशी रिक्षात बसून रडलो. तेव्हापासून ती कपाटात, किल्ली माझ्या करदोट्याला आणि जीव माझा टांगणीला!

आणि बंदूक घरात आली ना, की जो तो शहाणा होतो. नव्या पेठेत माझा मित्र आहे सुबोध, सराफी दुकान आहे, त्याच्याकडं पिस्तूल आहे. मला चहा पाजून समजावतो, "अरे, ती चालवायची नसते. आपल्याकडं आहे हे चार लोकांना कळायचं असतं. चोर फिरकत नाही." मी म्हटलं, सुबोध, माझ्या घरात चोरानं न्यावं असं आजवर काहीच नव्हतं, आता आहे! चार लोकांना कळलं तर तो बंदूकच न्यायला येईल आणि मला विचारेल, सर, किल्ली कुठंय? कुठंय सांगू त्याला? प्रभुचं निराळंच. त्याला चोर नको, डुक्कर नको, मान पाहिजे. लग्नात बंदूक खांद्याला असली की लोक बाजूला सरतात, पंगतीत आधी वाढतात असं म्हणतो तो. मी बसतो बाबा दुसऱ्या पंगतीला, काय बिघडतं? दाक्षायणीला विचारलं तर ती म्हणते, आप्पांचा हात फिरलाय तिच्यावर, ती वस्तू नाही, माहेर आहे माझं. झालं! आता माहेर कपाटातनं काढा कसं म्हणणार? शाळेत नागरिकशास्त्राच्या वैदेही मॅडम आहेत, त्या एकट्याच माझ्या बाजूच्या. त्या म्हणाल्या, "सर, बंदूक घरात असली की भांडण लवकर मिटतं. माणसासकट." बाजूच्या म्हणून ऐकायला गेलो, आणि तिथनं पुढं मी घरात भांडणंच बंद केली. आमटी खारट झाली तरी वा म्हणतो.

मग आला दसरा. आता खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायची, आमच्याकडं आजवर काय होतं? विळी, कात्री, माझा कंपास आणि स्कूटर. यंदा ती बाहेर आली. पाटावर आडवी ठेवली, हळद लावली, कुंकू लावलं, दाक्षायणीनं दोन्ही नळ्यांच्या तोंडात एकेक झेंडूचं फूल खोचलं आणि तेवढ्यावर न थांबता अक्षता वाहिल्या त्या थेट नळीत! शेजारणी आल्या, त्यांनीही वाहिल्या. मी आरती म्हणत होतो, पण दारात उभा राहून, चपला घालून. म्हटलं, वेळ आली तर पळायला सोपं.

दसऱ्याला मंद्रूपहून सासरे आले, बरोबर प्रभु आला. आला तो सरळ पाटापाशी गेला, फुलं काढून टाकायचंही त्याला सुचलं नाही, बंदूक उचलली, खांद्याला लावली, एक डोळा मिटला आणि खिडकीतनं रस्त्यावर नेम धरला. म्हणतो, ताई, फोटो काढ की. मी कुठं होतो? न्हाणीघरात. आतून कडी लावून. बाहेरनं त्याचा आवाज आला, "दाजी, चार दिवस गावाकडं नेतो की. आणून देतो परत." खरं सांगू? माझ्या मनात आलं, ने रे बाबा, चार दिवस कशाला, चार जन्म ने! तोंडात आलं होतं. पण तेवढ्यात दुसरी भीती वर आली. परवाना माझ्या नावावर, बंदूक दुसऱ्याच्या हातात, म्हणजे आत मी जाणार! एका भीतीनं दुसरीला दाबलं आणि मी कडी न काढता आतून ओरडलो, न्हाय जमणार! तो पुन्हा म्हणाला, मी पुन्हा न्हाय. तिसऱ्यांदा त्यानं दारावर अशी थाप मारली की बादली हलली. मी बादलीला धरून म्हणालो, न्हाय. तो सोनं न देता, न घेता निघून गेला. सासरे मात्र आमच्याकडंच राहिले, आणि त्या दिवशी ते माझ्याकडं सारखं बघत होते. मला वाटलं, जावयाची कीव करतायत.

आणि तुम्हाला सांगतो, दोन-तीन दिवसांत निवडणुकीची आचारसंहिता लागली! पोलिसांची नोटीस आली, परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करा. काय आनंद झाला म्हणता... लोक बोनस वाचतात तशी मी नोटीस वाचली, दोनदा. लगेच सोलापुरी चादरीत बंदूक गुंडाळली, सासरे म्हणाले मी बी येतो, रिक्षा केली. खड्डा आला की मी चादरीला म्हणायचो, सावकाश. रिक्षावाल्यानं आरशातनं बघून विचारलं, "क्या है चाचा, आदमी बीमार है क्या?" मी म्हटलं हो, बीमारच आहे, नीट चालव.

ठाण्यात हवालदारांनी बंदूक घेतली, मधून दुमडून उघडली, नळी उजेडाकडं धरली. आतनं झरझर तांदूळ पडले टेबलावर. मागनं झेंडूच्या पाकळ्या. त्यांनी तांदळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "मास्तर, अशी अडकलेली बंदूक कोणी उडवली ना, तर नळी फुटून त्याच्याच तोंडावर येते." मी टेबलाला धरलं. माझ्या डोळ्यांपुढं खिडकीत नेम धरलेला प्रभु, नळीत आमच्या पूजेची फुलं, आणि फोटो काढणारी दाक्षायणी...

हवालदार भला माणूस. पाणी दिलं आणि म्हणाले, एवढं झेपत नसेल तर अर्ज लिहून द्या, नको म्हणून, कायमची जमा करून टाकू. कायमची! मी पेन मागितलं. कागद घेतला. "प्रति" एवढं लिहिलं सुद्धा. तर सासऱ्यांनी माझं मनगट धरलं आणि मला बाहेर बाकावर नेऊन बसवलं. आणि हा माणूस, ज्यानं आयुष्यात जावयापुढं मान खाली घातली नाही, तो खाली बघत बोलायला लागला.

"धोंड्याच्या आदी बांधावरनं भांडन झालं हुतं. आमच्या भावाचा तिप्पण्णा आन प्रभु. प्रभु घरात गेला आन बंदूक भरून आनली. तिप्पण्णाच्या छातीला लावली, जावईबापू. मी नळी धरून वर केली. बार वर गेला म्हनून दोगं बी जित्ती हायत."

मी म्हटलं, मामा, मग तेव्हाच सरकारला द्यायची की ती.

"सरकारला दिली की ह्यो वारस म्हनून मागून घेतोय. त्याचा हक्क हाय. पन बहिणीच्या घरात धोंड्याचं वाण गेलं, ते कुनी मागून आनतंय व्हय? चार दिस उसनी मागंल, पन घरातनं ओढून न्हाय न्हेणार."

बरं, पण मीच का? साडू आहेत की, धडधाकट माणूस, तबक कशाला दिलंत त्यांना? तर म्हणाले, तो रागीट आहे, बोलता बोलता त्याचा हात उठतो. आणि मग त्यांनी हात जोडले. मला, जावयाला, ठाण्याच्या दारात.

"समद्या पावण्यात हुडकलं. तुमच्याएवढा घाबरनारा मानूस दुसरा न्हाय गावला."

राग यायला पाहिजे होता, आला नाही. भरून आलं हो मला. ज्या भीतीला आई हसली, गल्ली हसली, आख्खी वरात हसली, तिच्या भरवशावर एक म्हातारा आपला मुलगा आणि पुतण्या ठेवून निर्धास्त झोपतोय. आणि भरून आलं तरी आत टेबलावर ठेवलेल्या बंदुकीकडं मी पाठच करून बसलो होतो.

आत गेलो, कागद फाडला, पेन परत दिलं. म्हटलं, निवडणूक झाली की घेऊन जातो. हवालदारांनी पावती लिहिली, निकालानंतर मी गेलो, घेऊन आलो, चादरीतनंच. आता ती कपाटात, किल्ली माझ्या करदोट्याला आणि जीव माझा टांगणीला. परवा प्रभुनं परत फोन केला, चार दिवस देता का म्हणून. फोन कानापासून हातभर लांब धरला, पण न्हाय म्हणालो. जमतंय हळूहळू. एरवी काय हो, मी हौसेनं घाबरायचो, वाटेल तेव्हा घाबरायचो, कंटाळा आला की थांबायचो. आता तसं नाही. परवाना पाच वर्षांचा आहे. पाच वर्षं रोज घाबरायचंय मला, आणि मध्ये एक दिवस रजा नाही.