सत्तेचाळीस नंबर हजर होती

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या महाविद्यालयाचे आजचे प्राचार्य, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, माझे जुने-नवे सहकारी, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि ज्यांना निवृत्तीचा निरोप द्यायला आपण सगळे जमलो, पण ज्यांची खुर्ची व्यासपीठाच्या अगदी टोकाला, पडद्याला लागून ठेवली आहे, ते आपले प्रयोगशाळेतले मामा,

मला पाच मिनिटं दिली आहेत. माझ्याआधी चौघे बोलले, त्यांनी प्रत्येकी पंधरा घेतली. तेव्हा माझ्या घड्याळाकडे कोणी बघू नये.

चौघांनीही एकच गोष्ट सांगितली. मामा अबोल. मामा चौतीस वर्षांत कोणाला उलटून एक शब्द बोलले नाहीत. एका वक्त्यांनी तर त्यांना शांततेची मूर्ती म्हटलं. मूर्ती! मूर्तीला काय, कोपऱ्यात ठेवली आणि हार घातला की झालं. अध्यक्ष महोदय, हे खोटं आहे. मामा एकदा बोलले होते. माझ्याशीच बोलले होते. त्याची त्यांना काय किंमत मोजावी लागली ते या सभागृहात दोनच माणसांना माहीत आहे, आणि त्यातलं एक आज तोंड उघडणार नाही, हे मी पैजेवर सांगते. म्हणून मला बोलायला हवं.

तेवीस वर्षं झाली. मी रसायनशास्त्राची विभागप्रमुख होते. पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाची हजेरी मी स्वतः घ्यायचे, नंबर पुकारून. मी कॉन्व्हेंटमध्ये वाढले. तिथे हजेरीला कोणी पुटपुटलं तर सिस्टर पुन्हा उभं करायच्या, आणि शेवटच्या बाकापर्यंत आवाज जाईस्तोवर बसू द्यायच्या नाहीत. त्यामुळे माझी एक पक्की समजूत होती. ज्याचा आवाज येत नाही, तो माणूस नाहीच.

त्या वर्षी सत्तेचाळीस नंबरची एक मुलगी होती. तिसऱ्या टेबलाच्या टोकाला, बेसिनजवळ उभी राहायची. पहिलं वर्ष म्हणजे काय असतं हे आपण विसरतो. शाळेत सगळे आपल्याला नावाने ओळखतात, आणि इथे एका दिवसात आपण एक नंबर होतो. कोणत्या खोलीत जायचं ते विचारायची लाज वाटते. डबा कोणाजवळ बसून खायचा, हा रोजचा प्रश्न असतो. ती मुलगी डबा तराजूच्या खोलीत उभ्याने खायची. हे मला पुष्कळ नंतर कळलं.

मामा भांडाराच्या खिडकीतून सामान द्यायचे. बाकीची मुलं त्या खिडकीशी जाऊन ओरडायची, ‘मामा, पिपेट! मामा, फ्लास्क फुटला!’ हिला तसं मोठ्याने मागता येत नसे. ही कागदाच्या तुकड्यावर लिहायची, ‘ब्युरेट एक, सत्तेचाळीस नंबर’, खाली तारीख, आणि तो तुकडा खिडकीत ठेवून बाजूला उभी राहायची. मामा चिठ्ठी वाचायचे, वस्तू द्यायचे आणि चिठ्ठी एका तारेला टोचून ठेवायचे. ना तिला हसले, ना कधी म्हणाले, ‘अगं, तोंडाने बोल की.’ ते वाक्य माझं होतं.

सत्राच्या शेवटी मी गैरहजरांची यादी फलकावर लावली. या मुलांना परीक्षेला बसता येणार नव्हतं. सत्तेचाळीस नंबर सबंध सत्र गैरहजर! ती माझ्या दाराशी आली, हातात पूर्ण प्रयोगवही. मी म्हटलं, ‘वही कोणाचीही उतरवता येते. वर्गात होतीस का? बोल! तोंड दिलंय ना देवाने?’ तिचे ओठ हलले, आणि मी मान खाली घालून माझे कागद चाळायला लागले. वर्ष बुडालं असतं तर घरचे तिला परत पाठवणार नव्हते. हेही मी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामा ती तार घेऊन आले.

‘मॅडम, सत्तेचाळीस नंबर रोज असते.’

‘तुम्हाला कोणी विचारलं?’

‘कोणीच विचारलं नाही, म्हणून आलो. ती हजर म्हणते, मॅडम. मी बेसिनपाशी असतो, मला ऐकू येतं. तुम्ही मान वर करत नाही.’

‘मामा, तुम्ही बाटल्या धुवा.’

‘धुतल्यात,’ ते म्हणाले, आणि तार घेऊन थेट त्या वेळच्या प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी चिठ्ठ्यांवरच्या तारखा माझ्या हजेरीपटाशी ताडून पाहिल्या. मुलगी परीक्षेला बसली. आणि मी काय केलं? चूक कबूल केली? छे! मी मामांना मेमो दिला. ‘वरिष्ठांशी उद्धट वर्तन.’ माझी भाषा चांगली आहे, मेमोही चांगला लिहिला होता. दोन वर्षांनी भांडारप्रमुखाची जागा निघाली. ती मामांचीच होती. फाइलमध्ये तो कागद निघाला आणि जागा दुसऱ्याला गेली. आज निमंत्रणपत्रिकेवर त्यांच्यापुढे ‘प्रयोगशाळा परिचर’ छापलंय ना, ते माझ्यामुळे.

त्या वर्षीच्या शेवटच्या प्रात्यक्षिकाला मी टेबलाशी वह्या तपासत बसले होते. खिडकीकडून आवाज आला, ‘मामा, एक ब्युरेट द्या.’ मोठा नव्हता, पण स्वच्छ होता. मी मान वर केली. तीच होती, हातात चिठ्ठी नव्हती. मामा कपाटाकडे वळले आणि ब्युरेट समोर असूनही बराच वेळ पाठमोरेच उभे राहिले. पुढच्या वर्षी तिने विषय बदलला. जिन्यात मी दिसले की ती परत फिरायची. मी कधी तिला थांबवलं नाही. आधी अहंकार होता, नंतर लाज वाटायला लागली.

मामांनी मात्र पुढल्या जूनपासून एक केलं. मी हजेरी घ्यायला लागले की ते बेसिनपाशी उभे राहायचे आणि ज्याचा आवाज माझ्यापर्यंत येत नसे त्याच्यासाठी नुसता हात वर करायचे. मी त्या हाताकडे बघून खूण करायचे. मी निवृत्त होईपर्यंत सात वर्षं आमचं हे चाललं. त्यावर आम्ही एक अक्षर बोललो नाही.

अध्यक्ष महोदय, आपण तेव्हा इथे नव्हता, आपला दोष नाही. हे माझं पत्र. त्या मेमोतला मजकूर खोटा होता असं मी त्यात लिहून दिलं आहे. गेलेली जागा याने परत येत नाही, हे मला कळतं. पण मामांची फाइल बंद होण्यापूर्वी हे तिच्यात लागलं पाहिजे, आणि सगळ्यात वर लागलं पाहिजे.

आयोजकांनी मला बोलावलं, आपण ऐकून घेतलं, त्याबद्दल आभारी आहे. जाता जाता काही अधिकउणं बोलले असेन तर सभागृहाने पोटात घालावं, असं म्हणायचा शिरस्ता आहे. सभागृहाने घालावं किंवा घालू नये. मला आज क्षमा एकाच माणसाची मागायची आहे, आणि ती शिरस्ता म्हणून नाही.

मामा, माझं चुकलं. तुम्ही मला माफ केलंत का? आता माझेच कान गेलेत, इतक्या दुरून तुमचा आवाज मला येणार नाही.

नुसता हात वर केलात तरी चालेल. मी मान वर करून बघते आहे.